थांबा नसलेल्या जागी

त्याला सगळे कडीवाला म्हणत. रस्त्याने जाताना प्रत्येक दाराच्या कडीला हात लावायचा, एकदा खडखडवायचा आणि पुढे व्हायचा. एखादं दार चुकून राहिलं तर बिचारा अर्ध्या वाटेतून परत यायचा. लोक हसायचे, चेष्टा करायचे, पण त्याचा राग कुणालाच यायचा नाही. त्याच रस्त्यावर वाढलेल्या, आता बसवर असलेल्या कंडक्टरबाईला लहानपणी तिचा दादा हाक मारायचा, "चिमणे, कडीवाला येऊन गेला, आता तरी ऊठ!"

मग त्या रस्त्यावर चोऱ्या सुरू झाल्या. दोन-चार घरं फुटली, आणि ज्या हाताचं इतकी वर्षं हसू येत होतं त्याकडे लोक डोळे बारीक करून बघायला लागले. दारं चाचपतोय म्हणाले. कुठलं उघडं आहे ते हेरून ठेवतोय म्हणाले. कडीवाल्याचं मात्र आपलं तेच चाललं होतं. कुणी सांगितलं असतं तरी त्याच्या हाताने ऐकलं नसतं.

त्या दिवशी भर दुपारी कंडक्टरबाईची बस त्या रस्त्यात अडकली. समोर घोळका. आधी तिला वाटलं, कुणाला चक्कर आली असेल. मग माणसांच्या पायांमधून तिला एक हात दिसला. जमिनीवर पडलेला, काहीतरी पकडायला बघणारा.

"कडीवाला आहे," ड्रायव्हर म्हणाला. निवृत्तीला टेकलेला, अबोल माणूस. त्याने हॉर्न दाबून धरला. कुणी वळूनही पाहिलं नाही.

आणि तेवढ्यात तिला दादा दिसला.

तिचा सख्खा मोठा भाऊ, कोपऱ्यावरचा औषधवाला. वडील गेल्यावर याने तिला शिकवलं, वाढवलं. घरात झुरळ निघालं तर कागदावर घेऊन बाहेर सोडणारा माणूस. त्याने डोळ्यावरचा चष्मा काढला, नीट मिटला, खिशात ठेवला. मग पाय मागे घेऊन खाली पडलेल्या माणसाच्या बरगडीत लाथ घातली. पुन्हा घातली. चेहऱ्यावर राग नव्हता. दुकानाचं शटर ओढताना असतो तसा चेहरा.

तो दादा नसेल, दुसराच कुणी असेल, असं कंडक्टरबाईने मनाला बजावून पाहिलं. पण सदरा तिनेच घेऊन दिलेला होता.

"मागचं दार उघडा, बाई," ड्रायव्हर उठत म्हणाला.

"इथे थांबा नाहीये," तिच्या तोंडून निघून गेलं. त्याची लाज तिला पुढे कितीतरी दिवस पुरली.

ड्रायव्हर तोवर खाली उतरला होता. गणवेश बघून लोक जरा मागे सरले. तेवढ्यात त्याने कडीवाल्याच्या काखेत हात घालून त्याला ओढत आणलं. तिने दार उघडलं, दोघांनी मिळून त्याला आत घेतलं, आणि ड्रायव्हर पुढे आपल्या जागेवर गेला. तेव्हा दादा दाराशी आला. बहिणीला बघून तो दचकला नाही, की ओशाळला नाही.

"चिमणे, त्याला खाली उतरव," तो म्हणाला. "आमचं झालेलं नाही अजून."

गिऱ्हाइकाला 'जेवणानंतर घ्या' सांगायचा तोच मऊ आवाज. कंडक्टरबाईने त्याच्या तोंडावर दार लावलं आणि बेल मारली.

बस थेट दवाखान्याकडे निघाली. आत गलका झाला. "आम्ही तिकीट काढलंय! कुठे नेताय?" एक बाई पाय वर घेऊन बसली, रक्त लागू नये म्हणून. एका म्हाताऱ्याने मात्र गळ्यातला रुमाल काढून दिला. कडीवाल्याची बोटं सीटच्या दांडीवर वाजत होती, आणि कंडक्टरबाई त्याचं डोकं धरून नुसती बसून होती. रडूही येत नव्हतं.

डेपोत चौकशी बसली. बस मार्ग सोडून का नेली? थांबा नसताना दार का उघडलं? साहेब म्हणाले, "अहो, दोघंही इतक्या वर्षांचे लोक, असं वेड्यासारखं वागता? पोलिसांनी विचारलंय, त्या घोळक्यात ओळखीचं कुणी होतं का?"

नाही म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. सगळे तेच म्हणत होते.

"होतं," कंडक्टरबाई म्हणाली. "माझा मोठा भाऊ."

साहेबांचं पेन हातातच राहिलं. माणूस मेल्याची बातमी आली असती तरी ते इतके हादरले नसते.

दादाला पोलीस घेऊन गेले आणि जामिनावर सोडूनही दिलं. तो दुकानात परतला तेव्हा लोकांनी त्याची पाठ थोपटली. कडीवाला दवाखान्यात होता तरी आणखी एक घर फुटलं, पण त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. ड्रायव्हरला घरी बसवलं, तिची बदली दूरच्या डेपोत झाली. वहिनीने फोन करून एवढंच विचारलं, "सख्ख्या भावाचं नाव घेताना जीभ कशी झडली नाही हो तुमची?" रस्त्यात ओळखीच्या बायका तिला बघून आवाज खाली करायला लागल्या. हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, असंही कुणीतरी पसरवलं.

शेवटी ती आईकडे गेली. आई तरी ऐकेल, असं वाटलं. आईने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

"आई, मी डोळ्यांनी पाहिलं. तो खाली पडलेला होता गं. हात जोडत होता. आणि दादा..."

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"जगला ना तो?" तिने विचारलं.

"जगला. पण आता अंथरुणातून उठत नाही."

"जगला ना? मग?"

कंडक्टरबाई उंबऱ्याबाहेर उभी राहून आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आई खरोखरच उत्तराची वाट बघत होती.