कोरडा स्फटिक

"अण्णा, आधी हात पुसून या. आणि याच्यावर श्वाससुद्धा बेतानं सोडा."

वारिजानं बोटभर उंचीची कुपी दोन्ही तळव्यांत धरली होती. गंगाधरय्यांनी ती खिडकीच्या उजेडात नेली. तळाशी साखरेच्या दाण्याहून लहान असा एकच स्फटिक होता. कडा धारदार, कुठं भेग नाही.

"अकरा महिने लागले. बाकीच्या कुप्यांत नुसता चिकटा."

"बाळंतपण झाल्यासारखं सांगतेस."

"बाळंतपण नऊ महिन्यांत उरकतं, अण्णा."

दोघंही हसली. ही गोष्ट त्र्याऐंशी सालची, बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेतली. गंगाधरय्या तिथले तंत्रज्ञ. कुणाचाही स्फटिक क्ष-किरणांच्या यंत्रावर चढवायचा तो त्यांनीच. त्यांचा हात हलत नाही अशी ख्याती होती. वारिजा सागर गावच्या सुपारीबागेतून आलेली, पीएचडीच्या पाचव्या वर्षाला. तिनं चार अमिनो आम्लांची एक छोटी माळ तयार केली होती. माळ भलतीकडे जुळू नये म्हणून दोन्ही टोकं रसायनानं बांधलेली. एवढी आखूड माळसुद्धा सरळ राहत नाही, ती स्वतःभोवती वळते, असं तिचं म्हणणं. द्रावणात तशा खुणा दिसत होत्या. पण कुठला अणू कुठं बसलाय हे डोळ्यांनी पाहायचं तर स्फटिकच हवा.

"हा बाहेर काढला की वाळेल असं वाटतं," ती म्हणाली. "बारीक काचनळीत, त्याच्याच द्रावणाच्या थेंबासकट बंद करा. विसरू नका हं."

"वारिजम्मा, वीस वर्षं हेच करतोय."

भावाच्या लग्नाला जायचं म्हणून ती दुपारच्या बसनं गेली.

नळीत बंद करायचं म्हणजे तासाभराचं किचकट काम. चार वाजता कर्मचाऱ्यांच्या क्लबात कॅरमचा अंतिम सामना होता आणि गंगाधरय्या त्यात खेळत होते. पोरीला उगाच काळजी, असं म्हणून त्यांनी स्फटिक काचेच्या काडीवर गोंदानं चिकटवला, यंत्र सुरू केलं आणि गेले. सामना जिंकले.

सकाळी येऊन पाहतात तर स्फटिक खडूसारखा पांढरा. आतलं द्रावण उडून गेलं होतं, आणि त्याबरोबर आतली सगळी रचना ढासळली होती. त्यांनी काडी मोडून कचऱ्यात टाकली. वारिजाचे मार्गदर्शक प्राध्यापक सेतुमाधवन आले तेव्हा तोंडातून शब्द आपसूक निघाले, "सर, नळीत द्रावणासकट ठेवला होता. तरी किरणांत टिकला नाही."

एवढंच. पण त्या एका वाक्यावर पुढचं सगळं ठरलं.

"किरणांत टिकतच नाही तर पुन्हा वाढवून काय उपयोग?" सर वारिजाला म्हणाले. "विषय बदल."

विषय बदलायचा म्हणजे आणखी तीन वर्षं. घरच्यांनी तेवढी दिली नाहीत. संस्था सोडून निघताना ती गंगाधरय्यांना भेटायला आली होती. "तुम्ही तरी काय करणार, अण्णा," ती म्हणाली. "माझा रेणूच नाजूक निघाला." त्यांनी मान हलवली. त्यानंतर ते कॅरमला बसले नाहीत. बायकोनं, कमलाक्षीनं विचारलं तर म्हणाले, बोट दुखतं.

आठ वर्षं गेली. शीतकपाट साफ करताना मागच्या फळीवर एक कुपी सापडली. चिठ्ठीवर वारिजाचं अक्षर. आत तिनं बनवलेल्या त्याच रेणूची चिमूटभर पांढरी भुकटी. गंगाधरय्यांनी ती फेकली नाही. तिच्या जुन्या वहीत पाहून, तिच्याच मापानं, पाच कुप्या लावल्या. चारांत चिकटा. पाचवीत चौदाव्या महिन्यात स्फटिक आला. या वेळी त्यांनी तो द्रावणासकट नळीत बंद केला.

तो सहा दिवस किरणांत राहिला. साधा धुरकटलासुद्धा नाही.

आकडेमोड होऊन चित्र हाती आलं, तेव्हा सरांनी चष्मा काढला. माळ दोनदा वळली होती, अगदी वारिजा म्हणायची तशी.

"पण हा तर किरणांत मरतो म्हणाला होतास?"

"खोटं बोललो होतो, सर."

सरांनी चित्राचा कागद त्यांच्या हातात दिला. मग म्हणाले, "मला काय सांगतोस? तिला जाऊन सांग."

सागरच्या एका ज्युनिअर कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवत होती. केसांत पांढरं आलेलं, बोटांना खडू. शिक्षकांच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. गंगाधरय्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. कॅरमचा सामनाही सांगितला. चित्राचा कागद टेबलावर ठेवला.

तिनं तो बोटानं अणू-अणू मोजत पाहिला.

"वळलीय माळ," ती म्हणाली.

"दोनदा."

"अण्णा, मी माझ्याच हाताला दोष देत राहिले. घरी दही लागलं नाही तरी वाटायचं, आपल्या हातून काही धडच होत नाही." तिनं कागदावरचं बोट उचललं. "आणि तुम्ही खेळायला गेला होता."

"हो."

"कशाला आलात? न सांगता चाललं असतं की तुमचं."

"चाललं नाही, अम्मा." त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि तसाच हातात ठेवला. "सर शोधनिबंध छापायला पाठवतायत. पहिलं नाव तुझं. माझं घालू नका म्हणून सांगितलंय."

"माफ केलं असं म्हणायला मला आज जमायचं नाही."

"मागायला आलोही नाही."

घंटा झाली. तिनं कागद घडी न घालता हजेरीपटात ठेवला. "लांबून आलायत. डब्यात चित्रान्न आहे, खाऊन जा," असं म्हणून डबा त्यांच्यापुढे सरकवला आणि हजेरीपट घेऊन वर्गावर गेली.

वर्ग भिंतीच्या पलीकडेच होता. तिचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. ती कार्बनचे चार हात समजावत होती. बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबली. खडूचाही आवाज नाही. गंगाधरय्यांचा हात घासासकट डब्यावरच राहिला.

मग एक मुलगी हळूच म्हणाली, "मिस, पुढे?"

आतून फक्त हजेरीपटातला कागद बाहेर काढल्याची सळसळ आली.