आहेराचा कप्पा

मित्रांनो, माझ्या दारावरचा आरसा रोज पुसला जातो, बिजागऱ्यांना खोबरेल तेल मिळतं, अंगावर धुळीचा कण नसतो, आणि तरीही सध्या माझं डोकं तापलेलं आहे. चाकणजवळच्या कुरुळीतल्या एका दोन खोल्यांच्या घरात उभं असलेलं मी एक जुनं लोखंडी कपाट. कपाटाला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. आधी माझी हकिकत ऐका, मग काय म्हणायचं ते म्हणा.

माझा जन्म चिखलीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लालमहंमद नावाच्या कारागिराने मला कापलं, वाकवलं, जोडलं आणि वर रंगाचे दोन हात मारले. मला न्यायला रंगराव आले होते. ते बीड जिल्ह्यातून इकडे कंपनीत कामाला आलेले.

"घरात माणसं किती, भाऊ?" लालमहंमदने विचारलं.

"सध्या चार. पोराचं लग्न झालं की पाच."

"मग हा एक पत्रा जादा घेऊन जा. कप्पे थोडे वर-खाली सरकवले की पाचवा आरामात बसतो. माणूस वाढलं की कप्पा वाढवायचा."

असा दूरदृष्टीचा माणूस मला घडवणारा! मी टेम्पोतून उतरलो तेव्हा रंगरावांच्या पत्नी दुर्गाबाई यांनी मला हळदीकुंकू वाहिलं. शेजारच्या बायका येऊन माझी दारं उघडून-मिटून बघत होत्या. आणि तो जादा पत्रा? तो त्याच आठवड्यात न्हाणीतल्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून गेला. माझी पहिली बेअदबी ती. पण तेव्हा मी नवा होतो, मनाला लावून घेतलं नाही.

मग माझी वाटणी झाली. डाव्या बाजूला टांगायचा दांडा आहे, तिथे रंगराव आणि त्यांचा मुलगा दिग्विजय यांचे कंपनीचे शर्ट. उजवीकडे चार कप्पे. वरचा दुर्गाबाईंच्या साड्यांना, दुसरा दिग्विजयला, तिसरा त्याच्या धाकट्या बहिणीला, करिष्माला. आणि चौथा, सगळ्यांत मोठा, आहेराला.

आहेराचा कप्पा म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. लग्न, बारसं, वास्तुशांत, काहीही असो, पाहुण्यांना टॉवेल-टोपी, शर्टपीस, साडी, ब्लाऊजपीस द्यावेच लागतात आणि ते आपल्यालाही येतात. आलेलं कोणी वापरत नाही. ते कप्प्यात ठेवायचं आणि पुढच्या कार्यात पुढच्या पाहुण्याला करायचं. माझ्या पोटातल्या काही टॉवेलांनी सगळा जिल्हा पालथा घातला आहे, पण त्यांनी अजून कोणाचं ओलं अंग पुसलेलं नाही. जे कपडे या घरात कोणीच घालणार नाही, त्यांना घरातली सगळ्यांत ऐसपैस जागा! याला काय म्हणावं?

पुढे दिग्विजयचं लग्न झालं आणि भाग्यश्री घरात आली. मित्रांनो, या मुलीने माझा कायापालट केला. ती येण्याआधी माझं दार उघडलं की कपडे अंगावर कोसळायचे. करिष्माची ओढणी दिग्विजयच्या पँटमध्ये, रंगरावांचे मोजे साड्यांत. भाग्यश्रीने एक दुपार बसून सगळं बाहेर काढलं, प्रत्येकाचं वेगळं केलं, रोजचे कपडे हाताशी आणि सणाचे मागे असं लावलं. दिग्विजय रात्रपाळी करून आला की दिवसा माझ्यासमोरच झोपतो. माझ्या कुरकुरण्याने त्याची झोपमोड व्हायची, म्हणून तिने बिजागऱ्यांना तेल घातलं. दर आठवड्याला सगळ्यांच्या कपड्यांच्या घड्या तीच सारख्या करते.

आणि तिचे स्वतःचे कपडे? ते कॉटखाली, माहेरून आणलेल्या बॅगेत. फरशी पुसली की बॅगेच्या तळाला ओल यायची आणि कपड्यांना कुबट वास लागायचा.

एकदा तिने धीर करून विचारलं, "आई, पिंपावरचा पत्रा मूळचा या कपाटाचाच आहे ना? तो आत बसवला तर मला एक कप्पा होईल."

"मग पिंपावर काय झाकायचं?" दुर्गाबाई म्हणाल्या.

"दुसरं झाकण आणता येईल की."

"अगं, समदं घर एक असताना येगळा कप्पा कशाला पाहिजे तुला? ठिव की कुठंतरी."

त्या वाईट बाई नाहीत, हे मी सांगतो. सुनेला ताटात कधी कमी वाढलं नाही त्यांनी. पण घर एक होतं, तर बाकीच्या तिघांना वेगळे कप्पे का होते? मला तोंड असतं तर तिथल्या तिथे विचारलं असतं.

त्यानंतर भाग्यश्रीला चाकणच्या एका कंपनीत काम लागलं, गाड्यांच्या वायरी जोडायचं. किती महिने ती त्याच्या मागे होती! सोमवारपासून पहाटेच्या कंपनीच्या बसने जायचं होतं. ठेकेदाराने तिला गणवेश दिला, निळा शर्ट आणि पँट, कोरी घडी, पारदर्शक पिशवीत. ते पाकीट तिने कितीदा हातात घेतलं आणि कितीदा खाली ठेवलं. ओल्या बॅगेत ठेवायला तिचं मन होईना. शेवटी तिने ते माझ्या चौथ्या कप्प्यात, आहेराच्या गठ्ठ्यावर ठेवलं. पर्यायच काय होता?

नेमकी आदल्याच दिवशी, रविवारी, देहूरोडला खंडूची वास्तुशांत होती. खंडू म्हणजे रंगरावांचा चुलतभाऊ. सगळे तिकडे निघाले. भाग्यश्री पुढे जाऊन रिक्षा थांबवत होती. दुर्गाबाईंनी घाईघाईत माझं दार उघडलं आणि गठ्ठ्यावरचं पहिलंच पाकीट उचललं. निळं कोरं कापड, वर पिशवी. त्यांना वाटलं, शर्टपीस. त्यावर टॉवेल-टोपी ठेवली आणि दार लावलं. मी जिवाच्या आकांताने कुरकुरायचा प्रयत्न केला, पण बिजागऱ्यांत तेल होतं.

सोमवारी पहाटे भाग्यश्री न्हाऊन, वेणी घालून माझ्यासमोर आली. आधी हाताने चाचपडली, मग सगळा गठ्ठा उपसला. "आई, इथला माझा ड्रेस?"

"अगं, ते निळं पाकीट तुझं व्हय? ते काल खंडूला केलं की!" दुर्गाबाई म्हणाल्या. दिग्विजयने लगेच खंडूला फोन लावला. फोनमधला आवाज सगळ्या खोलीला ऐकू येत होता.

"ते पाकीट व्हय? ते आमी काल संध्याकाळीच साडूला केलं. त्यानं घरी जाऊन उघडलं तर आत बाईमाणसाचा कंपनीचा डरेस! साडू फुगून बसलाय राव."

आता मला सांगा, अशा वेळी घरात कशाची काळजी व्हायला हवी होती? पण रंगराव म्हणाले, "पाहुण्यांत तोंड दाखवायला जागा राहिली नाही." दुर्गाबाई म्हणाल्या, "आता खंडूची बायको गावभर सांगत सुटंल." शर्टपीसच्या जागी काय पाठवून साडूची समजूत काढावी, यावर चर्चा सुरू झाली. माझ्या पत्र्याचा अगदी संताप झाला.

"आणि माझी बस?" भाग्यश्रीने विचारलं. कोणाचंच लक्ष नव्हतं. ती साध्या ड्रेसवरच निघून गेली.

दुपारच्या आत ती परतली. डोळे लाल झाले होते. करिष्माला म्हणाली, "गेटवरच अडवलं. उद्या ड्रेसमध्ये आलीस तर ये, म्हणाले. न्हाईतर दुसरीला घेणार."

तेव्हा कुठे दिग्विजयला जाग आली. तो गाडी काढून पिंपळे सौदागरला साडूच्या घरी गेला, नाही नाही ते ऐकून घेतलं आणि दिवेलागणीला गणवेश घेऊन आला.

"नीट ठिव बाई आता कपाटात," दुर्गाबाई म्हणाल्या.

"कुठं ठेवू, आई?"

रंगरावांनी टीव्हीकडे तोंड केलं. करिष्मा आपल्या कप्प्याकडे बघत राहिली. भाग्यश्रीने मग जास्त वाट पाहिली नाही. जेवणं उरकल्यावर तिने तो निळा शर्ट आणि पँट अंगात घातली आणि तशीच झोपली. साडेसहा फूट उंचीचं कपाट उशाशी उभं, आणि घरातली सून आपला गणवेश हरवू नये म्हणून तो घालून झोपते! त्या रात्री मला माझी लाज वाटली.

मंगळवारी ती चुरगळलेल्या गणवेशात बसला गेली. सगळे पांगल्यावर दुर्गाबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांनी चौथा कप्पा रिकामा केला. एकेक टॉवेल, एकेक शर्टपीस खाली काढला. मला वाटलं, आता तरी! त्या बराच वेळ त्या ढिगाकडे बघत बसल्या. मग "उद्या कुणाचं काय निघालं तर?" असं स्वतःशीच म्हणाल्या आणि सगळा ढीग पुन्हा आत रचला. फक्त या वेळी जरा दाबून, भिंतीकडे सरकवून. कडेला वीतभर जागा निघाली.

संध्याकाळी भाग्यश्री आली. काम टिकलं होतं. बोटांना वायरींनी चरे पडले होते.

"ती कडंची जागा तुझी," दुर्गाबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "कुणी हात लावायचं न्हाई."

भाग्यश्रीने कॉटखालची बॅग ओढली. दोन कुर्ते, एक साडी आणि तिची धुऊन वाळवलेली एक चादर, एवढंच त्या जागेत बसलं. अंगातला गणवेश बदलून तिने तो सगळ्यांत वर ठेवला. मग त्या वीतभर ढिगावरून हात फिरवत ती हसली, अगदी मनापासून, आणि म्हणाली, "बास झालं की आई मला."

मित्रांनो, पत्रा पिंपावर गेला तेव्हा मला राग आला, गणवेश आहेरात गेला तेव्हा आला, साडूची चर्चा चालली तेव्हाही आला. पण त्या हसण्याइतका राग मला कशाचाच आला नाही. जी मुलगी पाच माणसांच्या कपड्यांच्या घड्या घालते, तिला वीतभर जागेत बंगला मिळाल्यासारखं वाटावं? तुमच्या घरी कपाट असेल तर आज ते उघडा. आपला कप्पा कोणता हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात कोणाचा कप्पा नाही, ते बघा. आणि कृपा करून त्या माणसावर इतक्या थोडक्यात खूश व्हायची वेळ आणू नका.