एवढं तर हलायचंच

पिस्टनच्या माथ्यावर काजळीचं तपकिरी वर्तुळ होतं, आणि ब्लांकानं अंगठ्यानं एक कड दाबली तेव्हा ते किंचित कललं — टिक् — दुसरी कड दाबल्यावर तितकंच परत आलं. पिस्टन आणि सिलेंडरच्या भिंतीमध्ये केसाएवढी फट; थंड इंजिनात ती असायलाच हवी, तापल्यावर धातू फुगतो, फट भरून निघते, नसती तर पहिल्याच मोठ्या चढावर पिस्टन जागीच आवळला असता. गिऱ्हाइकांना ती हे वर्षानुवर्षं सांगत आली होती.

आज गिऱ्हाईक नव्हतं. मोटरसायकल ओल्द्रिखची, थोरल्या भावाची, आणि तो तिच्या गॅरेजात मागे पालथ्या क्रेटवर बसून जर्दाळू खात होता, बिया खिशात टाकत होता... लहानपणीही असाच, चिकट खिशांवरून आईची रोजची बोलणी. हिवाळ्यात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा नर्सनं त्याचा कोट ब्लांकाच्या हातात दिला होता, आणि खिशात तिला उन्हाळ्यातली एक वाळकी बी लागली होती. बी मुठीत धरून कॉरिडॉरमध्ये ती किती वेळ उभी होती, कोण जाणे.

दर उन्हाळ्यात तो या गाडीवरून एकटा खाली क्रोएशियात जायचा, समुद्रापर्यंत. यंदाही जाणार, असं त्यानं ईस्टरच्या जेवणात सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. आणि काल बेकरीच्या रांगेत त्याची बायको यार्मिला ब्लांकाच्या कानाशी आली. "इंजिन गेलंय म्हणून सांग त्याला. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल." ब्लांका हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही, पाव घेतला आणि निघाली.

तिनं सिलेंडर वर उचलून बाजूला ठेवला. पिस्टनखालचा कनेक्टिंग रॉड धरून वर ओढला, खाली दाबला — काही नाही, घट्ट. डावीउजवीकडे सरकला, सरकायचा तेवढाच. वर-खाली हलला असता तर इंजिन खरंच गेलेलं असतं, प्रश्नच मिटला असता, खोटं बोलावं लागलं नसतं... म्हणजे मी बिघाड शोधतेय. बिघाड सापडावा म्हणून माझा हात फिरतोय, माझा!

"मघाशी हलत होता ना तो पिस्टन?" ओल्द्रिख मागून म्हणाला. "आवाज आला मला."

"हलतो थोडा."

"फार झिजलाय का? आता याचे पार्ट तरी कुठे मिळतात म्हणा."

आयतीच वाट करून दिली होती त्यानं. नुसती मान हलवायची, शब्दसुद्धा नको. यार्मिला आज रात्री निवांत झोपेल. पण याच हातांच्या भरवशावर लोक डोंगर उतरतात, आणि एकदा खोटी हललेली मान पुढे कुणाकुणासाठी हलेल — शिवाय तो काही लहान मूल नाही, साठी उलटलेला माणूस, त्याचा समुद्र, त्याचा जीव...

"झिजलेला नाही," ती म्हणाली. "थंड असताना एवढं तर हलायचंच. रॉडही घट्ट आहे. तुझ्यामाझ्यापेक्षा ठणठणीत आहे हे इंजिन."

"नीट बघितलंस?"

"ओल्दा, मी नीट बघत नसते तर इथे कशाला आला असतास?"

"तसं नाही गं. पण पुन्हा एकदा बघ ना. घाई काय आहे?"

तेव्हा ती वळली. तो खूश झाला असेल असं तिला वाटलं होतं. त्याच्या हातात अर्धा जर्दाळू तसाच होता आणि दुसरा तळवा शर्टावर, छातीच्या मधोमध. शाळेच्या पेपरच्या सकाळी तो पोट दुखतंय म्हणून पडून राहायचा, आणि आई कपाळाला हात लावून म्हणायची, ताप नाही, ऊठ — तेव्हाचा चेहरा. नेमका तोच. म्हणजे यार्मिला जे वाक्य मागत होती, तेच हाही मागत होता. सगळ्यांदेखत बोलून बसलेला, माघार घ्यायला गाडीच्या बिघाडाशिवाय निमित्त नव्हतं त्याला. आणि मी सचोटीच्या तोऱ्यात कपाळाला हात लावून मोकळी झाले. ताप नाही. ऊठ.

जे खरं होतं ते सांगून झालं होतं, आणि ते अजूनही खरंच होतं.

"बघते," ती म्हणाली, आणि पुन्हा इंजिनावर वाकली. रॉड वर ओढला, खाली दाबला, सावकाश, मग आणखी सावकाश. बोटांना कळायचं ते केव्हाच कळलं होतं. ती आता काही तपासत नव्हती. पाठ त्याच्याकडे ठेवून, हात चालू ठेवून, तो आपणहून काही बोलतो का, याची वाट पाहत होती... आणि बोललाच नाही तर आपण त्याला काय विचारायचं, हे तिला अजून सुचत नव्हतं.