दोन अंगठे

सेवालालनं कोठडीतून निरोप धाडला तो दोनच शब्दांचा: "घरी सांगजो."

सोमला नावाचा शेजारी तो निरोप घेऊन शिरपूरजवळच्या तांड्यावर गेला आणि सेवालालच्या नव्या बायकोला, धुरपताबाईला, सांगून मोकळा झाला. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. घर तिथंच होतं. आसेगावला नांदणाऱ्या रुपाबाईला, सेवालालच्या एकुलत्या एका लेकीला, ही बातमी तिसऱ्या दिवशी कळली, तीही बाजारात मीठ घेताना सोमला भेटला म्हणून. चोरीचा बैल बाळगला म्हणून बापाला धरलं, वाशीमला नेलं, हे सगळं तिनं ऐकून घेतलं. पण मनात रुतला तो एकच शब्द. घरी.

याडीला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. याडी म्हणजे रुपाबाईची आई, धनीबाई. ती गेली तेव्हा तिच्या चुलीतली राख रुपाबाईनंच भरली होती. पाचव्या महिन्यात बापानं जऊळक्याची विधवा धुरपताबाई घरात आणली आणि चूल तिची झाली. आता बापाची अटकही तिचीच झाली होती.

तिनं फय्याज वकील केलाय, असं सोमला म्हणाला. त्याचं वय किती, रुपाबाईनं विचारलं. असेल तिशीचा. मग तिनं वाशीममध्ये सगळ्यांत म्हातारा वकील कोण, याची चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी मोहनसिंग वकिलांच्या ओसरीवर जाऊन बसली. आधी कोणी वकील केला आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही, ती म्हणाली.

वकीलपत्र घेऊन ती त्यांच्या मुन्शीबरोबर कोठडीपाशी गेली. बापाची दाढी वाढली होती. तुरीला फूल आलं का, एवढंच त्यानं विचारलं.

"जामिनाचा कागद हाय बा. अंगठा दे."

त्यानं कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. गजांतून डावा हात बाहेर काढला. अंगठ्यावर आधीच्या शाईचा डाग होता. रुपाबाईला तो दिसला. तिनं कागद पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी कोर्टात सेवालालचा पुकारा झाला आणि दोन वकील एकदमच उभे राहिले. मागच्या बाकावर खसखस पिकली. दुसऱ्याच्या पक्षकारावर आपण हात टाकत नाही, असं म्हणून मोहनसिंग खाली बसले. वय लहान म्हणून फय्याजही बसला. मग दोन्ही कागद समोर धरून मॅजिस्ट्रेट साहेबांनी आरोपीलाच विचारलं, यातला तुझा वकील कोणता?

सेवालालनं अंगठ्याकडे पाहिलं.

"साहेब, पयला अंगठा बायकोनं मांगतला, दुसरा पोरीनं. मले वाचता येत नाई, पन दोन कागद दोन घरचे हायेत, थे दिसत होतं."

"मग दुसरा कशाला दिलास?"

"पोर लांबून आल्ती."

या वेळी कोणी हसलं नाही. मधल्या सुट्टीपर्यंत काय ते ठरवा, नाहीतर पुढची तारीख पंधरा दिवसांनी आणि तोवर अकोल्याचा तुरुंग, असं साहेबांनी बजावलं.

बाहेर ओट्यावर फय्याज वकील धुरपताबाईला सांगत होता की मोठे वकीलसाहेब उभे राहणार असतील तर तो आनंदानं बाजूला होईल. पण बैल भरबाजारात विकत घेतल्याची शिक्क्याची पावती मिळाली नाही, तर दोघं उभे राहूनही उपयोग नाही.

धुरपताबाईनं खांद्यावरची थैली उतरवली. लाल कापडाची, कवड्यांची, मधोमध मोठा आरसा. याडीनं दोन उन्हाळे बसून भरलेली. सकाळपासून रुपाबाई त्या थैलीकडे बघायचं टाळत होती.

"तीनदा झाडली म्या," धुरपताबाई म्हणाली. "तुमची याडी यातच ठेवे म्हनतेत थे. नाई सापडत." आणि तिनं ती पुन्हा उलटी केली. सुपारी पडली, दोऱ्याचं गुंडाळं पडलं, सुई पडली.

पावती कुठं आहे ते रुपाबाईला त्या क्षणी कळलं. याडीच्या प्रत्येक थैलीत आरशामागे दोन पदरांत चोरखिसा असे. नऊ वर्षांच्या रुपाला तिनं तो टाका शिकवला होता आणि बजावलं होतं, नवऱ्यालेबी सांगू नको. आता थैली नुसती मागून घ्यायची, कोपऱ्यात जायचं, पावती मोहनसिंगांच्या हातात द्यायची. बाप लेकीच्या वकिलानं सुटला असता. तांड्यावर वर्षानुवर्षं तेच बोललं गेलं असतं.

तिनं थैली मागून घेतली. कोपऱ्याकडे चार पावलं गेलीसुद्धा. तिथं खिडकीच्या गजाआड, दोन शिपायांमध्ये, बाप उकिडवा बसून बोटानं अंगठ्यावरची शाई पुसत होता. ती तशी निघणारी नव्हती.

रुपाबाई परत आली. दातानं दोरा तोडला. चार घड्यांची पावती निघाली. तिला याडीच्या तंबाखूचा वास होता. लागतो त्याहून थोडा जास्त वेळ तिनं ती हातात धरली आणि मग फय्याज वकिलाला दिली. मोहनसिंगांच्या मुन्शीला तिनं आपला कागद मागे घ्यायला सांगितलं.

"तुमाले ठाव होतं?" धुरपताबाईनं विचारलं.

"तिनं मलेच सांगितलं होतं."

हे म्हणताना तिला बरं वाटलं. बरं वाटल्याची लाज वाटली नाही.

जामीन मिळाला. सुटकेचे कागद होईपर्यंत दोघी फाटकाशी बसून राहिल्या. थैलीचं अस्तर लोंबत होतं. धुरपताबाईनं सुई ओवली आणि म्हणाली, "टाका दाखवा. मी घालीन."

"राहू द्या," रुपाबाई म्हणाली. सुई तिनं काढून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. बारीक टाके घालू लागली, याडीसारखे. धुरपताबाई एकदा बघायला वाकली. रुपाबाईनं ओढणी पुढे ओढून हात झाकून घेतले.