निरगुडीचं पाणी

चेंडू गोरखच्या कानाजवळून गेला आणि मागच्या जाळ्यात जाऊन पडला, तेव्हा महिपतीनं मान खाली घातली. हा कितवा, ते मोजायचं त्यानं मघाशीच सोडून दिलं होतं. मोजून काय चांदी लागणार होती हाताला? पोरगं दोन खांबांच्या मधे हातपाय फाकून उभं, आणि समोरून ते इराणचे धिप्पाड गडी धावत येऊन, उडी मारून चेंडू असा भिरकावत होते की सात जन्मांचं वैर असावं.

त्या हिवाळ्यात लोणावळ्याला हँडबॉलची आंतरराष्ट्रीय क्लब स्पर्धा भरली होती. इराणचा क्लब आला होता, लंकेचा आला होता, नेपाळचा आला होता, आणि आपला म्हणून लोणावळ्याचा नागफणी क्लब. नागफणीचा गोल राखायला महिपतीचा गोरख. ही सगळी हकिकत बाजाराला जाऊन आलेल्या हनुमंतानं गावात सांगितली होती, आणि निघताना महिपतीला हळूच म्हणाला होता, "गोरखनं निरोप दिलाय. आबांना म्हणावं, एकदा बघायला या."

महिपतीनं निरोपाला हो म्हटलं नव्हतं की नाही म्हटलं नव्हतं. दोन वर्षं बापलेकांत बोलणं नव्हतं. आंदर मावळातल्या सगळ्या जत्रांतल्या कुस्त्या महिपतीनं एके काळी गाजवलेल्या; पोरगा तालमीत तयार होत होता, आणि एक दिवस रेल्वेच्या शेडात नोकरीला चिकटला अन् तिकडंच हा चेंडूचा नाद लागला. महिपती तेव्हा बोलून गेला होता, "लंगोट सोडलास तर ह्यो उंबराबी सोडलास, समज." पोरगं बापाचंच. त्यानं तसंच समजून उंबरा सोडला.

आता महिपती गर्दीत शेवटच्या बाकाच्या कडेला, घोंगडी पांघरून बसला होता. ओळखीचं कुणी नव्हतं. शेजारी स्वेटर घातलेले एक शहरी गृहस्थ शेंगा खात होते. त्यांनी विचारलं,

"काका, तुमचं कुणी खेळतंय का?"

"न्हाई. असाच आलतो."

चेंडू पलीकडच्या टोकाला गेला की सगळं मैदान माना वळवून तिकडं बघायचं. महिपती नाही. तो गोरखकडंच बघत राहायचा. दोन वर्षांनी दिसत होता. खांदे चांगले भरले होते, गाल मात्र बसले होते. खाणावळीचं खातो, बसणारच. डाव्या गुडघ्याला पट्टी होती. ती कशानं झाली असेल, याचा विचार महिपती करत असताना तिकडून ओरडा उठायचा, टाळ्या पडायच्या, फळ्यावर कुणीतरी खडूनं काहीतरी लिहायचं. महिपतीला अक्षरओळख नव्हती, आणि असती तरी त्यानं तिकडं पाहिलं नसतं. मग चेंडू पुन्हा अलीकडं यायचा, आणि गोरख कधी छातीवर झेलायचा, कधी पायानं उडवायचा, आणि पुष्कळदा तो जाळ्यात गेलेला असायचा.

कुस्तीत पाठ एकदा मातीला लागली की संपलं. इथं पोराला पुन्हा पुन्हा चीत करत होते आणि पंच शिट्टी फुंकून त्याला परत उभं करत होता. ही कसली रीत म्हणायची? हरलेल्या माणसाला घरी जाऊ द्यावं की.

शेजारच्या गृहस्थांनी त्याचा चेहरा पाहिला असावा. ते म्हणाले, "यात गोल व्हायचेच हो. मनावर घेऊ नका."

महिपतीनं मान डोलावली. जत्रेतसुद्धा पडलेल्या पैलवानाच्या बापाला लोक असंच काहीबाही सांगतात.

मधली सुट्टी झाली. गोरखनं कपाळावर हात धरून गर्दीवरून नजर फिरवायला सुरुवात केली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, एकेक बाक. महिपतीनं घोंगडी डोक्यावरून ओढली आणि शेंगा खाणाऱ्याच्या पाठीआड सरकला. हरत्या गड्यानं आपल्या माणसाच्या डोळ्यांत बघू नये. तिथंच त्याचं उरलंसुरलं बळ जातं. नजर पुढं सरकली तसा तो उठला.

"अहो, निघालात कुठं? अजून अर्धा खेळ बाकी आहे."

"लांब जायाचंय," महिपती म्हणाला.

पॅसेंजरनं तो कान्ह्याच्या स्टेशनात उतरला आणि टाकव्याच्या रस्त्यानं चालू लागला. भातं कधीच निघाली होती. खाचरं मोकळी पडली होती आणि वाटेवर चिटपाखरू नव्हतं. चालता चालता त्याला बायको, विठाबाई आठवली. घरात तिची एक रीत होती. महिपती जत्रेतून जिंकून आला तर वेशीपासून हलगी, अंगावर गुलाल, पुढच्या दारात ओवाळणी. हरून आला तर तो ओढ्याकडून मागच्या दारानं यायचा, आणि तिनं निरगुडीचा पाला घालून पाणी उकळून ठेवलेलं असायचं. शेजारी वाटीत हळद घातलेलं कोमट तेल. ती काही विचारायची नाही. अंगावर पाणी ओतायची, पाठ चोळायची आणि भाकरी वाढायची. लहानगा गोरख चुलीपाशी बसून हे बघायचा. निरगुडीचा वास आला की तोही गप्प व्हायचा.

विठाबाई गेल्यावर त्या घरात निरगुडी उकळली नव्हती. कुणासाठी उकळायची? महिपती एका माणसाची भाकरी थापायचा, बैलाशी चार शब्द बोलायचा आणि दिवस कलला की दार लावून घ्यायचा. कधी कधी हनुमंत हाक मारून जायचा, तर तेवढ्यानंही त्याला बरं वाटायचं, आणि तेवढ्यानं बरं वाटतं याची लाजही वाटायची.

ओढ्यापाशी आल्यावर तो थांबला आणि निरगुडीच्या फांद्या ओरबाडू लागला. तेव्हा त्याच्या मनात एक विचार आला. जिंकला असता तर चार दोस्त त्याला घेऊन गेले असते, हारतुरे झाले असते, इकडं कशाला आला असता? हरलाय, म्हणजे येईल. हरलेल्या माणसाला घरच लागतं. आणि त्याच्या लक्षात आलं की पोरगं हरल्याचा आपल्याला आनंद होतोय. हात जागच्या जागी थबकला. "हात तुझ्या म्हाताऱ्या," तो स्वतःशीच बोलला. पण पाला त्यानं भरपूर घेतला.

घरी येऊन त्यानं चूल पेटवली, हंडा चढवला. वाटीत तेल घेऊन हळद कालवली. दोन ताटं घासूनपुसून ठेवली, मग एक उचलून परत फळीवर ठेवलं, न जाणो. मागचं दार उघडं टाकलं आणि उंबऱ्यावर बसून राहिला. गुरं घराकडं परतली. शेजारच्या घरांतून धूर निघाला. ओढ्याकडच्या वाटेवर कुणी आलं नाही. पाणी निवलं म्हणून त्यानं पुन्हा जाळ घातला.

दिवेलागण झाली, तेव्हा पुढच्या दाराची कडी वाजली.

"आबा."

महिपती घाईनं उठला. दारात गोरख उभा होता. कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर थंडी आणि धूळ.

"पुढनं आलास?" महिपतीच्या तोंडून निघून गेलं.

"मग कुटनं येऊ?"

गोरखनं आत पाऊल टाकलं. काहीतरी दाखवायचं म्हणून त्याचा हात पिशवीत गेला होता. तोंडही उघडलं होतं, आणि त्यात थोडा रागही होता. "आबा, मी निरोप धाडलेला. तुमी आला न्हाईत..." एवढं बोलला आणि थांबला. घरभर निरगुडीचा वास भरला होता. त्यानं चुलीवरच्या हंड्याकडं पाहिलं. मग तेलाच्या वाटीकडं. मग बापाकडं. बाप जमिनीकडं बघत होता.

पिशवीतला हात हळूच रिकामा बाहेर आला. गोरखनं पिशवी कणगीच्या मागं, अंधारात सरकवून दिली.

"पाणी तापलंय," महिपती म्हणाला. "दमला असशील."

"व्हय," गोरख म्हणाला. "लय दमलोय आबा."

मागच्या न्हाणीतल्या दगडावर तो बापाकडं पाठ करून बसला. कंदील खुंटीला अडकवला होता. महिपतीनं हंड्यातून तांब्या भरून घेतला. पाठीवर, दंडावर चेंडूचे लाल चट्टे उठले होते. त्यांवरून त्यानं बोटं फिरवली. काही विचारायचं नाही, हे त्यानं वाटेतच ठरवलं होतं. विठाबाई कुठं विचारायची?

"टोपी काढ. डोक्यावरनं ओततो."

गोरख क्षणभर तसाच बसला. मग त्यानं टोपी काढून बाजूला ठेवली आणि मान खाली घातली.

महिपतीनं तांब्या ओतला. पाणी केसांतून उतरलं, मानेवरून पाठीवर आलं आणि दगडावर पसरलं. कंदिलाच्या उजेडात ते गुलाबी दिसत होतं. पैलवान म्हणून त्यानं उभा जन्म काढला होता. तो रंग कशाचा, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. कानामागं, मानेच्या वळीत अजून गुलाल चिकटून होता. पोरानं तोंड कुठंतरी धुऊन पुसलं असणार. केसांतला राहून गेला होता.

महिपती दगडाकडं बघत राहिला. पलीकडून उठणाऱ्या टाळ्या त्याला आता कुठं ऐकू आल्या. जिंकून आलाय. दोस्त सोडून, हारतुरे सोडून, एवढी वाट तुडवून, जिंकून घरी आलाय. त्याचे डोळे भरून आले, आणि पोराची पाठ आपल्याकडं आहे याचं त्याला बरं वाटलं.

"थांबलात का आबा? संपलं पाणी?"

"न्हाई. लय हाय अजून."

त्यानं दुसरा तांब्या ओतला, तिसरा ओतला. पाण्याचा रंग फिका होत गेला. मग वाटी जवळ ओढून तो हळदीच्या तेलानं पोराची पाठ चोळू लागला, खांद्यापासून खाली, जशी विठाबाई त्याची चोळायची.

"पुढचा खेळ कंदी हाय?" त्यानं विचारलं.

"परवा. शेवटचा."

"येतो मी."

"बरं."

महिपतीनं आणखी थोडं तेल हातावर घेतलं.

"परवा तिकडल्या जाळ्याकडंबी बघीन," तो म्हणाला.

हाताखालची पाठ हलली. गोरख हसत होता की रडत होता, ते पाठीवरून कळेना. महिपतीनं चोळायचं थांबवलं नाही.