नकाशातली पांढरी खोली

मोजणीदारांनी उभा जन्म दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. भावाभावांच्या भांडणात मधे उभं राहून हद्दीचे दगड रोवले, शिव्या खाल्ल्या, एकदा तर एका म्हातारीच्या चपलेचा प्रसादही खाल्ला. पण त्यांनी आखलेली रेघ कुणाच्या बापाला हलवता आली नाही. निवृत्त झाल्यावरही शेजारीपाजारी त्यांना मोजणीदारच म्हणत आणि ते ऐकून त्यांची छाती अजून थोडी फुगे. एवढं सगळं खरं, पण स्वतःच्या घराचा नकाशा त्यांनी कधी काढला नव्हता. तो काढला केर काढणाऱ्या एका यंत्रानं.

यंत्र मुलीनं पाठवलं होतं. ती नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात राही आणि आईबापांची काळजी वाटली की काहीतरी विजेवर चालणारं धाडून देई. हे नवं यंत्र ताटाएवढं, गोल, काळं, जमिनीला चिकटून चालणारं. बायकोनं बघताक्षणी त्याचं नाव ‘कासव’ ठेवलं. कासव खाटेखाली शिरे, खुर्च्यांच्या पायांना वळसे घाली, भिंतीवर आपटलं की जरा विचार करून मागे फिरे. पहिल्या दिवशी मोजणीदार त्याच्यामागून घरभर हिंडले. खरी मौज फोनमध्ये होती. कासव जिथं फिरून येई तेवढा भाग फोनवरच्या नकाशात निळा होई, आणि तासाभरात सगळं घर निळं होऊन समोर उभं राही. बैठकीची खोली काटकोनात नाही, हे त्यांना इतकी वर्षं त्या घरात राहून त्या दिवशी कळलं. गवंड्यानं आपल्याला फसवलं, असं त्यांनी बायकोला सांगितलं, पण सांगताना ते भलतेच खूश दिसत होते.

कासव आलं तसं केर-फरशी करणाऱ्या मावशींना त्यांनीच नको सांगितलं. गोड बोलून, रीतसर, वर थोडं जास्त देऊन. खरं कारण वेगळंच होतं. मावशींचा झाडू खुर्चीपाशी आला की वर्तमानपत्र वाचता वाचता पाय वर उचलून धरावे लागत, आणि त्याचा त्यांना फार पूर्वीपासून वैताग होता. मावशी आता येणार नाहीत हे ऐकून बायको नुसतं ‘बरं’ म्हणाली. बायकांच्या ‘बरं’मध्ये किती प्रकार असतात, हे मोजणीदारांच्या खात्यात कधी शिकवलेलं नव्हतं.

यंत्रांवर त्यांचा मुळातच जीव होता, आणि तो काही फुकाचा नव्हता. कपडे धुण्याचं यंत्र आल्यापासून बायकोची पाठ दुखायची थांबली होती. विजेचं बिल फोनवरून जाई, रांगेत उभं राहायला नको. किराणा, भाजी, औषधं सगळं दारात ठेवून माणूस निघून जाई, घंटीसुद्धा वाजवत नसे, फोनवर निरोप टाके. बायकोची बहीण लांब राहायची, पण तीही दर आठवड्याला पडद्यावर दिसायची. घर कसं शांत झालं, कुणाची कटकट नाही, असं मोजणीदार भेटेल त्याला सांगत.

आणि अशा या सुखात एक दिवस त्यांना नकाशात पांढरा तुकडा दिसला.

सकाळी फिरायला जायची त्यांना डॉक्टरांची ताकीद होती. बागेतल्या बाकावर बसल्या बसल्या ते फोनवरून कासव सुरू करत आणि घर निळं होताना बघत. त्या दिवशी सगळं निळं झालं, मागची खोली पांढरीच राहिली. मुलीची जुनी खोली ती. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कासव उंबऱ्यापर्यंत जाई आणि ‘अडथळा’ असा निरोप देऊन परत फिरे. त्यांनी बायकोला विचारलं, मागच्या खोलीचं दार लागलेलं असतं का म्हणून. ती म्हणाली, वाऱ्यानं लोटलं गेलं असेल. त्या दिवसांत वारा कसला तो नव्हता.

मोजणीदारांच्या मनात पाल चुकचुकली. बायको बाजूला गेल्याचं बघून ते मागच्या खोलीत गेले, गुडघे टेकून खाटेखाली हात घातला आणि बोट उलटं करून पाहिलं. बोट स्वच्छ. नकाशा म्हणतो खोलीत केर काढलेलाच नाही, आणि खोलीत तर धुळीचा कण नाही. दोन मोजण्या जुळत नसल्या की एक चुकीची असते, हे त्यांना नोकरीनं शिकवलेलं होतं. इथं दोन्ही बरोबर होत्या. त्यातच उशी दबलेली दिसली, आणि हवेत दुखऱ्या अंगाला चोळायच्या मलमाचा वास होता.

मग मात्र त्यांना भीती वाटली. बायको अंगावर काढणाऱ्यातली. मागं एकदा पोटातलं दुखणं तिनं ताकास तूर लागू न देता सोसलं होतं, आणि शेवटी रुग्णवाहिका बोलवावी लागली होती. आपण बाहेर पडलो की ही मागच्या खोलीत जाऊन पडत असेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. फोनला विचारलं, तर त्यानं असे असे रोग दाखवले की मोजणीदारांची पाचावर धारण बसली. त्यातले दोन तर फक्त गुरांना होणारे होते, पण तेवढं शहाणपण त्यांच्यात उरलं नव्हतं. बायकोला सरळ विचारावं, हे डोक्यात येई आणि जाई. विचारायचं म्हणजे नेमकं काय शब्दांत, हेच सुचेना. त्यांच्या घरात प्रश्न असायचे ते किल्ली कुठं आहे, जेवायला काय आहे, असे.

शेवटी त्यांनी बागेतून मुलीला फोन लावला. आजाराचं बोलले नाहीत, कासवाची तक्रार केली. मुलगी हसली. म्हणाली, बाबा, त्याला पुढं डोळा आहे. फोनमध्ये चित्राची खूण असेल ती दाबा, बाकावर बसून घर दिसेल तुम्हाला.

मोजणीदारांनी खूण लगेच दाबली नाही. स्वतःच्या बायकोला चोरून बघणं काही बरं नव्हे. पण मग मनाशी म्हणाले, घर आपलं, कासव आपलं, बायकोही आपलीच, आणि ती तिकडे कण्हत पडली असेल तर? त्यांनी दाबलं.

जमिनीच्या उंचीवरून घर फार वेगळं दिसतं. खुर्च्यांचे नुसते पाय, पलंगाच्या खालचा अंधार, फरशीचं लांबच लांब मैदान. कासव डुलत डुलत मागच्या खोलीपाशी आलं. दार उघडं होतं, आणि उंबऱ्यात स्टूल आडवं घातलेलं होतं. वाऱ्याचं काम नव्हतं ते. स्टुलाच्या पायांमधून आतली फरशी दिसली आणि फरशीवर पाय दिसले. चार पाय. दोन बायकोचे, लांब पसरलेले, घोट्यावर घोटा ठेवलेला. दुसरे दोन रुंद, भेगाळलेले, मांडी घालताना अर्धे बाहेर राहिलेले. ते कुणाचे, हे त्यांना ओळखता येईना. फोनवर आवाज येत नव्हता. बायकोच्या पायाची बोटं मात्र सारखी हलत होती, थांबत होती, पुन्हा हलत होती. खूप हसू आलं की तिची बोटं तशी हलतात. हे आपल्याला माहीत आहे याचंच त्यांना नवल वाटलं, कारण कित्येक वर्षांत ती हलताना त्यांनी पाहिली नव्हती.

फोन खिशात घालून ते घराकडे निघाले. कण्हणारं माणूस असं हसत नाही, एवढं त्यांना कळलं होतं, आणि तरीही पाय भराभर पडत होते.

किल्लीनं दार उघडून ते आत आले. कासवाच्या घरघरीत त्यांची पावलं कुणाला ऐकू गेली नाहीत. मागच्या खोलीत बायको भिंतीला टेकून खाली बसली होती, समोर केर-फरशीच्या मावशी, शेजारी आडवा झाडू. बायकोच्या पाठीला उशी होती. मलम मावशींच्या गुडघ्याला लावलेलं होतं. मोजणीदार स्टुलाच्या अलीकडे उभे राहिले आणि बोलणं तटकन तुटलं.

मावशी झाडू घेऊन उठल्या. “झालंच, साहेब,” त्या म्हणाल्या.

मोजणीदारांना एकदम मोकळं वाटलं, आणि मोकळं वाटलं की माणूस उदार होतो. यात लपवायचं काय, असं ते म्हणाले. बायकोला कासव नको असेल तर तिनं सांगायचं होतं. मावशींनी उद्यापासून पूर्वीसारखं यावं, पगार चालू.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

“पगार नको, साहेब,” मावशी म्हणाल्या. “मला चार घरं आहेत. इथं मी कामाला येत नाही.”

“मग हा झाडू?”

बायकोच बोलली. “नुसतं बसायला या म्हटलं, तर येईनात. काम नसताना दुसऱ्याच्या घरी कशी बसू, म्हणाल्या. म्हणून ही एक खोली त्यांच्यासाठी ठेवली. त्या झाडतात, मग आम्ही बसतो.”

मावशींनी मान हलवली. त्या ज्या घरांत जात तिथं माणसं दिवसभर घरातच असत, पण सगळ्यांच्या कानात फोनचे बोळे. सकाळपासून कुणी बोललं तर फोनवर दोन शब्द टाकणार, उद्या लवकर या. फोनला त्या वाईट म्हणत नव्हत्या, त्यांची लेक रोज रात्री त्यातच दिसायची. पण लेकीला दाखवायचं तोंड दिवसभरात कधीतरी उघडायला तर पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

“मला कासवाचा राग नाही,” बायको म्हणाली. “माझी पाठ वाचली. पण पूर्वी दिवसातून कितीदा दार वाजायचं. कुणी ना कुणी यायचं, दोन शब्द बोलायचं. तुम्ही म्हणता घर शांत झालं. मला ते खायला उठतं.”

मोजणीदारांच्या तोंडातून निघालं ते असं, “मला वाटलं तू आजारी आहेस.”

“मग विचारायचं होतंत.”

“विचारलं होतं.”

“दाराचं विचारलंत,” ती म्हणाली.

मग मोजणीदारांनी कासवाच्या डोळ्याचंही सांगून टाकलं, बागेतून आपण दोघींचे पाय बघितले म्हणून. बायकोनं झटकन पाय पोटाशी घेतले आणि तिचा चेहरा बदलला. तो डोळा आजच्या आज बंद करायचा, एवढंच ती म्हणाली. ते हो म्हणाले, आणि त्यांचे कान तापले.

आता खरं म्हणजे जायला हवं होतं. दोघी ते जायची वाट बघत होत्या, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. बाहेर त्यांची खुर्ची होती, वर्तमानपत्र होतं, पाय उचलायला सांगणारं कुणी नव्हतं. त्यांना तिकडे जायचंच नव्हतं. काम नसताना कशी बसू, हे मावशींचं म्हणणं त्यांना या क्षणी पुरतं कळलं. बसायचं तर होतं, पण काय म्हणून बसायचं?

“मला काही काम आहे का इथं?” त्यांनी विचारलं.

“लसूण सोलायचाय,” बायको म्हणाली. “स्वयंपाकघरात टोपलीत आहे. सुरी घेऊन या.”

ते घेऊन आले. स्टूल ओलांडून आत येताना गुडघे कुरकुरले, मावशींनी सरकून जागा करून दिली. पहिलीच पाकळी त्यांनी इतकी सोलली की आत काही उरलं नाही. मावशींनी हसू दाबलं. बायकोनं त्यांच्याकडे दुर्लक्ष करून तुटलेलं बोलणं पुन्हा धरलं.

“तर लग्नाला वर्षही झालं नव्हतं. यांचा मदतनीस आला नाही म्हणून मला घेऊन गेले मोजणीला. भर उन्हात हातात काठी दिली आणि उभं केलं. हे तिकडे लांब, दुर्बिणीला डोळा लावून. हातानं खुणा चाललेल्या, डावीकडे सरक, उजवीकडे सरक. मी आपली केस सारखे करतेय, लाजतेय. म्हटलं, नवरा किती वेळ एकटक बघतोय आपल्याकडे. संध्याकाळी कळलं, हे काठीवरचे आकडे बघत होते.”

मावशी खो खो हसल्या. बायकोही हसली, पण जरा कमी.

मोजणीदार लसणाच्या सालीशी झगडत होते. वर न बघता ते म्हणाले, “त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. डोकं खाली, पाय वर. तू उलटी उभी राहून केस सारखे करत होतीस.”

“मी दिसत होते?”

“आकडे तर पहिल्या दोन मिनिटांत लिहून झाले होते,” ते म्हणाले. “पुढं मी तुला उगाच डावी-उजवीकडे सरकवत होतो.”

मावशींचं हसणं थांबलं. बायकोनं त्यांच्या हातातली सुरी काढून घेऊन खाली ठेवली.

“हे मला आज सांगताय,” ती म्हणाली.