हुडव्याचा बंदोबस्त

आखाती युद्धाच्या इतिहासात तीर्थपुरीचं नाव कुठं सापडत नाही, याची खंत हवालदार भुजंग यांना अजून आहे. आपण युद्धात होतो, फक्त नोंद घ्यायची राहिली, असं ते म्हणतात.

साल एक्क्याण्णव, महिना फेब्रुवारी. अरबस्तानात तेलाच्या विहिरी जळत होत्या आणि आमच्या रेशन दुकानाच्या फळीवर 'रॉकेल शिल्लक नाही' हे खडूनं लिहिलेलं वाक्य महिनाभर पुसावं लागलं नव्हतं. तेवढीच खडूची बचत. हवालदारांच्या पत्नी पुष्पाबाई यांनी जागतिक परिस्थितीचा आढावा एका वाक्यात घेतला, "तिकडं विहिरी पेटून राह्यल्या, अन् इकडं माझा स्टो पेटंना."

त्यात घरात बाळंतीण. लेक गिरिजा पहिल्या खेपेला माहेरी आलेली, आणि पोर महिनाभर आधीच जन्मलेली, मुठीएवढी. नर्सबाईंनी बजावलं होतं की सव्वा महिना हिची ऊब कमी पडू द्यायची नाही. म्हणजे दोन वेळा कढत पाणी आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. रॉकेल नाही म्हटल्यावर सगळी भिस्त परसातल्या हुडव्यावर. पुष्पाबाईंनी हिवाळाभर थापलेल्या गोवऱ्या रचून, वरून शेणानं लिंपून, पुरुषभर उंचीचा हुडवा उभा केला होता. सव्वा महिन्याला पुरतील एवढ्या गोवऱ्या त्यात होत्या. एक जास्त नाही.

आणि तोंडावर होळी.

होळीच्या आधीच्या आठ दिवसांत गोवऱ्या-लाकडं पळवणं ही आमच्याकडं चोरी नसते. तो धर्म असतो. ज्याचं गेलं त्यानं बोंब मारायची आणि विषय संपवायचा. तक्रार करणाऱ्याला पुढची दोन वर्षं गाव नाव ठेवतं. होळीवाल्यांचा म्होरक्या मच्छिंद्र, सायकल दुरुस्तीवाला, दोन लेकरांचा बाप. वर्षाचे बाकीचे दिवस तो कुणाच्या खुंटीला हात लावत नसे. या आठ दिवसांत मात्र खुंटीसुद्धा ठेवत नसे.

हवालदारांनी बाविसाव्या वर्षी फौज सोडली होती. म्हणजे नोकरीच्या बाविसाव्या. ती बहुतेक सगळी वर्षं लंगरात गेली. पण लष्कराच्या स्वयंपाकघरात जेवढं युद्धशास्त्र शिजतं तेवढं मुख्यालयात शिजत नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते खोडायला गावात दुसरं कुणी फौजेतलं नव्हतं. त्यांनी कॅलेंडरचा जानेवारी फाडला आणि गयासोद्दीन टेलरच्या दुकानात जाऊन पाठकोऱ्या बाजूवर नकाशा काढायला घेतला. दुकानात रेडिओ होता. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी सहाला हवालदार तिथं युद्ध ऐकत. एक मिनिट इकडचं तिकडं होत नसे.

"हे बघा, गयासभाई. हे परस, हा हुडवा. उत्तरेला मच्छिंद्र, म्हंजे शत्रू. पूर्वेला रामकिसन."

"रामकिसन तो तुमचा चुलत भाऊ है ना?"

"म्हणून तर त्याच्यावर दोन फुल्या मारल्या."

"अन् समोर हे माझं घर? त्याच्यावर काहीच न्हाई?"

"तुम्ही तटस्थ राष्ट्र. तुमच्या घरी होळी न्हाई, म्हणून होळीवाले तुमच्या दारात पाय ठेवत न्हाईत. आजपर्यंत कधी एक काटकी गेली का तुमची?"

"कभी न्हाई."

"मंग. धोका शून्य."

गयासोद्दीन यांनी गळ्यातली टेप सारखी केली. "बिलकुल बराबर. पण तो शून्य जरा मोठा काढा, हवालदारसाब. लांबून दिसला पायजे."

हवालदारांनी शून्य मोठा काढला. नकाशा अत्यंत गुप्त असल्यामुळं तो स्वयंपाकघरात तुरीच्या डाळीच्या डब्याखाली ठेवण्यात आला.

मग तयारी. कुंपणाला दोरी, दोरीला रिकामे डबे. हुडव्याला खेटून सागवानी बाज आणि बाजेवर स्वतः हवालदार, काठीसह. शेवटी मुत्सद्देगिरी म्हणून ते मच्छिंद्रच्या दुकानी गेले.

मच्छिंद्र पंक्चर काढत होता. "काका, खरं सांगू? गिरिजाताईची पोर हाये म्हणल्यावर मी तुमच्या परसाकडं बघणारसुद्धा नव्हतो."

"मंग झालं तर!"

"कुठलं झालं? तुम्ही दोरी बांधली, डबे लटकवले, बाज टाकून बसले. आता सोडून दिलं तर गाव म्हणंल, मच्छिंद्र हवालदाराला भ्याला. आता यावंच लागतंय बघा."

"मी पहारा काढला तर?"

"मंग म्हणतील, हवालदार मच्छिंद्रला भ्याला."

मच्छिंद्रनं ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवली. मोठमोठ्या देशांचं याच प्रश्नावर अडलेलं असतं; त्यांच्याकडं पंक्चरचं दुकान नसतं, एवढाच फरक.

त्या रात्री हवालदारांना झोप लागली नाही. सकाळी ते बायकोला म्हणाले, "तू काळजी करू नको. पोरीच्या वाटची एक गोवरी जाऊ देणार न्हाई." पुष्पाबाई डाळ काढत होत्या. "न्हाई करत," असं म्हणून त्यांनी डबा जागेवर ठेवला.

त्या आठवड्यात गयासोद्दीन यांच्या चाँदबी रोज दोनदा बाळंतिणीला बघायला आल्या. डोक्यावर कापडानं झाकलेली पाटी, येताना आणि जातानाही. यायची वेळ साडेआठ आणि सहा. एकदा निघायला उशीर झाला तेव्हा हवालदार समोरून आले, त्यांनी स्वतः फाटक उघडून धरलं. संध्याकाळी आपल्या वहीत नोंद केली : तटस्थ राष्ट्राकडून मानवतावादी मदत चालू.

होळीच्या दिवशी सकाळी रेडिओनं सांगितलं की युद्ध थांबलं. हवालदार खूश झाले. पण सेनापतींनी कुठं कुठं वेळ घालवला हे समजावून सांगता सांगता साडेनऊ कधी वाजले ते कळलं नाही. घाईनं घरी आले तर दोरी नीट गुंडाळून ठेवलेली, डबे ओळीनं मांडलेले, हुडवा कुशीतून फुटलेला. बाज गायब.

"अगं ए!" हवालदार घराकडं धावले. "हुडवा फोडला! गेल्या गोवऱ्या! पोरीचा शेक गेला!" बाविसावं वर्ष, काठी, नकाशा, सगळं गळून पडलं आणि उंबऱ्यात एक घाबरलेला आजोबा उभा राहिला.

"हळू बोला. आत्ता निजली ती," पुष्पाबाई म्हणाल्या. त्या घंगाळात पाणी ओतत होत्या. पाण्याला वाफ होती. चुलीत गोवरी लाल झाली होती.

हवालदारांनी चुलीकडं पाहिलं, मग परसाकडं. फुटलेल्या हुडव्यातून कापसाच्या पऱ्हाट्या बाहेर आल्या होत्या. आत दुसरं काही नव्हतं.

"गोवऱ्या चाँदबीच्या न्हाणीत हायेत. मागून काढल्या अन् आत पऱ्हाट्या कोंबल्या."

"ही... ही कल्पना कुणाची?"

पुष्पाबाईंनी डाळीच्या डब्याखालून नकाशा काढला. "तुमचीच की. तुम्हीच लिहिलंय, तिथं धोका न्हाई. एवढा मोठा भोपळा काढल्यावर मला अडाणीलाबी कळलं."

"मंग मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही असा जीव तोडून पहारा दिला असता का? तुमच्या पहाऱ्याकडं बघूनच सगळ्यांना वाटलं, आत गोवऱ्या हायेत."

हवालदारांनी यावर बराच विचार केला. तो करायला उभंच राहावं लागलं, कारण बसायला बाज नव्हती.

संध्याकाळी होळीच्या ढिगावर सर्वांत वर सागवानी बाज होती. मच्छिंद्र जरा ओशाळला होता. "काका, नुसत्या पऱ्हाट्याच निघाल्या की हो. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून..."

"योजना गुप्त होती," हवालदार म्हणाले आणि रिवाजाप्रमाणं तोंडावर हात मारून अशी बोंब ठोकली की शेजारच्या गल्लीतली माणसं बघायला आली. पुरणपोळीचं पहिलं ताट चाँदबींकडं गेलं.

पुढचे तीन आठवडे हवालदार जमिनीवर सतरंजी टाकून झोपले आणि दिवसाआड एक पाटी गोवऱ्या गल्ली ओलांडून आणत राहिले. डोक्यावर पाटी असली तरी चाल परेडची.

सव्वा महिना झाला तेव्हा पोरीच्या मनगटाला वळ्या पडल्या होत्या. पाटीत शेवटच्या चार गोवऱ्या उरल्या. त्या दिवशी मच्छिंद्र एक बाज घेऊन आला. चौकट लोखंडी पाइपाची, वीण सायकलच्या जुन्या ट्यूबची. हवालदारांनी पोरीला तिच्यावर निजवून पाहिलं. तिनं एकदा आळस दिला आणि झोपली.

"लोखंडी हाये, काका," मच्छिंद्र म्हणाला. "पुढच्या वर्षी बिनघोर पहारा द्या. ही जळत न्हाई."